माचाचे तीन कप, थायरॉइडची गोळी आणि न हलणारं हिमोग्लोबिन: नागपुरातलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

वनिताताई ४३ वर्षांच्या. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्रिमूर्तीनगरकडे घर, एका माध्यमिक शाळेत गणिताच्या शिक्षिका. घरी नवरा आणि सासूबाई, मुलगी बंगळुरूला नोकरीला. सहा वर्षांपासून थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू होती आणि टीएसएच (थायरॉइड मंदावलं की चढणारं संप्रेरक) २.९ म्हणजे व्यवस्थित ताब्यात होतं. सप्टेंबरमध्ये नेहमीच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १५२ निघालं, चढलेलं. रक्तदाब, साखर नॉर्मल. फिजिशियन म्हणाले, कोलेस्टेरॉलची गोळी एवढ्यात नको, तीन महिने खाणं सांभाळा, चाला, मग बघू.

दिवाळीला मुलगी आली ती माचाचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पावडरचा, डबा घेऊनच. कोलेस्टेरॉल उतरतं, वजन उतरतं, मन शांत राहतं, साध्या ग्रीन टीपेक्षा १३७ पट ताकद, असं सगळं तिने आईला मोबाइलवर दाखवलं. ताईंनी त्याच आठवड्यात दुधाचा चहा बंद केला. आधी दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. आता बिनसाखरेचा माचा, तीन वेळा: पहाटे गरम दुधात घुसळून, दुपारी शाळेत डबा झाल्यावर पाण्यात, आणि रात्री नऊला, ‘शांत झोप लागते म्हणून’.

डिसेंबरमध्ये थकवा वाढला. जवळच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, ९.६, म्हणजे कमी. लोहाची गोळी सुरू झाली. जानेवारीअखेर त्या आमच्या आहार सल्ला ओपीडीत आल्या तेव्हा हातात तीन कागद होते. वजन ७०.५ वरून ६८.५ किलो झालेलं. हिमोग्लोबिन महिनाभर गोळी घेऊनही ९.७. टीएसएच ७.८. आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते एलडीएल १५८.

“सकाळी अंगच उठत नाही जी मॅडम,” त्या म्हणाल्या. “वर्गात फळ्यापाशी उभी राहिली की दम लागून राहिला. अन् पोरगी म्हणते माचा असली नसेल, दुसरा मागवते.”

अडचण नेमकी कुठे

घरात दोन तट पडले होते. मुलीच्या मते माचा नकली, नवऱ्याच्या मते माचाच विषारी. गोळ्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या होत्या आणि दोघांपैकी कोणालाही माचाबद्दल काही सांगितलं गेलं नव्हतं. सांगावं असं ताईंना वाटलंच नाही, कारण चहा काय कोणी डॉक्टरांना सांगतं?

आम्ही डबा मागवून पाहिला. पावडर चांगली हिरवीगार, बारीक, घटकांच्या यादीत एकच नाव. माचाच्या नावाखाली बाजारात जी प्रीमिक्स पाकिटं मिळतात त्यांच्यावर अनेकदा पहिलं नाव साखरेचं असतं, आणि आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे पहिलं नाव वाचलं तरी अर्धं कळतं. ताईंचा डबा त्यातला नव्हता. मुलीचा मुद्दा इथेच संपला.

मग चोवीस तासांचं वेळापत्रक लिहून घेतलं. काय खाता हे सगळेच विचारतात. या बाईंच्या बाबतीत कामी आलं ते घड्याळ. पहाटे पावणेसहाला थायरॉइडची गोळी, आणि ती गिळायला पाणी कशाला वेगळं, म्हणून दुधातला माचाच. दुपारी डबा, त्यावर लोहाची गोळी, त्यावर लगेच माचा. रात्री नऊला माचा, अकराला अंथरूण, साडेबारापर्यंत छताकडे डोळे.

पाळीबद्दलही विचारलं. चार-पाच महिन्यांपासून रक्तस्राव वाढलेला, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं, गाठीही पडतात. “या वयात होतंच असं,” हे त्यांनी स्वतःच उत्तर देऊन टाकलं होतं. चार-पाच महिने म्हणजे दिवाळीच्याही आधीपासून. रक्त कमी होण्याची सुरुवात माचाच्या डब्याआधी झाली होती, हे लक्षात ठेवावं. फेरिटिन तपासायला सांगितलं, ते ७ आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांत १५ च्या खाली म्हणजे शरीरातला लोहाचा साठा संपल्यात जमा.

माचाच्या बाजूने काय खरं आहे

निर्णयाआधी हे तपासणं भाग होतं, कारण ताईंचा माचावर विश्वास होता आणि नुसतं ‘सोडा ते खूळ’ म्हटलं असतं तर पुढचं काही ऐकलं गेलं नसतं.

माचा म्हणजे आपल्या चहाचंच झाड. फरक लागवडीत. जपानात, क्योटोजवळचं उजी किंवा आइची प्रांतातलं निशिओ, अशा भागांत तोडणीआधी सुमारे तीन आठवडे मळे झाकून ठेवतात. सावलीत पानातलं हरितद्रव्य वाढतं आणि एल-थियानिन हे अमिनो आम्ल टिकून राहतं. मग पानं वाफवून, वाळवून, शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. साध्या ग्रीन टीत पान गाळून टाकतो, इथे अख्खं पान पोटात जातं. म्हणून कॅटेचिन (ज्यांच्यासाठी ग्रीन टीचं कौतुक होतं ती द्रव्यं), कॅफिन, व्हिटॅमिन के, सगळंच जास्त मिळतं. चांगलंही जास्त, नको तेही जास्त.

१३७ पटीचा आकडा २००३ मधल्या एका प्रयोगशाळेच्या तुलनेतून आला आहे. त्यात माचातलं ईजीसीजी हे कॅटेचिन बाजारातल्या एका विशिष्ट ग्रीन टीच्या अर्काशी ताडून पाहिलं होतं, आणि तो ग्रीन टी त्या बाबतीत फारच फिका होता. त्याच संशोधकांनी इतर ग्रीन टींच्या प्रसिद्ध झालेल्या सर्वांत मोठ्या आकड्याशी तुलना केली तेव्हा फरक निदान तीन पटीचा निघाला. तीन पटही काही कमी नाही. पण जाहिरातीवर तीन छापलं तर डबा कोण घेईल?

कोलेस्टेरॉलवर ग्रीन टीचा परिणाम आहे, पण लहान आहे. २०११ मध्ये १४ चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एलडीएल सरासरी २ मिलिग्रॅमच्या आसपास उतरलेलं दिसलं. ताईंच्या १५२ मधून दोन गेले तर १५० राहतात, आणि एकाच माणसाच्या दोन तपासण्यांत याहून जास्त फरक नुसताही पडतो. वजनाचं म्हणाल तर कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ग्रीन टीने होणारी घट इतकी थोडी निघाली की वैद्यकीयदृष्ट्या तिला महत्त्व नाही. जपानातल्या ४०,५३० प्रौढांच्या पाहणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, जास्त ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी दिसले, स्त्रियांत तर अधिक ठळकपणे. पण ती नुसती पाहणी होती. आणि ती माणसं ग्रीन टी दुपारच्या भाताबरोबर, माशाबरोबर पिणारी, आयुष्यभराच्या सवयीची. त्रिमूर्तीनगरच्या वरण-भाताला तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

मन शांत होण्याचा मुद्दाही पूर्ण खोटा नाही. एल-थियानिन आणि कॅफिन एकत्र दिल्यावर लक्ष टिकतं, धडधड कमी जाणवते, असं छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. मात्र त्या प्रयोगांत थियानिन बहुधा १०० ते २०० मिलिग्रॅम दिलेलं असतं, एका कपातल्यापेक्षा बरंच जास्त. आणि दोन ग्रॅम माचात कॅफिन साधारण ४० ते ८० मिलिग्रॅम येतं, म्हणजे एका कप चहाएवढं किंवा त्याहून जास्त. कॅफिन शरीरातून निम्मं जायलाच पाचेक तास लागतात. रात्री नऊच्या कपाने शांत झोप कशी लागणार?

मग दोन किलो कुठे गेले? आठ चमचे साखर म्हणजे रोजची तीस-पस्तीस ग्रॅम, सव्वाशे ते दीडशे कॅलरी. तीन महिन्यांत वजन उतरायला तेवढी पुरते. ताईंना माचाचा खरा, मोजता येईल असा फायदा झाला तो चार गोड चहांची जागा त्याने घेतली म्हणून. आमच्या मते हा फायदा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा होता, आणि तो घालवायचा नव्हता.

तीन आजारांचं एकच वर्तुळ

फिजिशियन आणि आम्ही कागद एकत्र मांडले तेव्हा चित्र असं दिसलं. थायरॉइडची गोळी फक्त साध्या पाण्यासोबत, रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या निदान अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. कॉफीने तिचं शोषण घटतं हे प्रयोगांत दिसलं आहे, दुधानेही घटतं, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून तर तिला चार तासांचं अंतर लागतं. ताईंच्या पहाटेच्या कपात दूधही होतं आणि माचाही. दोष कोणाचा किती हे वेगळं करता येत नाही. दुधाचा वाटा मोठा असण्याची शक्यता जास्त, पण ताईंना उपयोगाची गोष्ट एवढीच की गोळी पुरती लागत नव्हती.

गोळी लागली नाही की टीएसएच चढतं. थायरॉइड मंदावलं की यकृत एलडीएल रक्तातून नीट उचलत नाही, म्हणून तेही चढतं. म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवायला सुरू केलेला कप, चुकीच्या वेळी घेतल्यामुळे, कोलेस्टेरॉल वाढवायला हातभार लावत होता. मंदावलेल्या थायरॉइडने पाळीचा रक्तस्रावही वाढू शकतो. रक्त जातंय, आणि दुपारच्या माचातले कॅटेचिन पालेभाजी-डाळीतल्या लोहाला बांधून ठेवतायत. काळ्या चहाने जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येतं. ग्रीन टीचा मार त्यापेक्षा सौम्य, पण मार आहेच. शाकाहारी जेवणातल्या लोहावर तो जास्त बसतो, मांसातल्या लोहावर कमी. ताई शाकाहारी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. शाकाहारी घरात जेवणावर लगेच चहा ठेवायची पद्धत असेल तर त्यात माचा ही नवी गोष्ट नाही, जुन्याच सवयीचा नवा रंग आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला, थायरॉइडचा डोस १०० मायक्रोग्रॅम करणं. सोपं, एका ओळीचं प्रिस्क्रिप्शन. दुसरा, एलडीएलसाठी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू करणं. तीन महिने झालेच होते. तिसरा, माचा पूर्ण बंद. चौथा, लोह शिरेतून देणं. पाचवा, औषधांचे डोस आणि माचा दोन्ही तसंच ठेवून फक्त वेळा बदलणं, आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवणं.

निर्णयाची वळणं

डोस वाढवण्याबाबत फिजिशियन ठाम होते: आधी गोळी नीट पोटात जाऊ द्या. आज १०० केलं आणि दोन महिन्यांनी ताईंनी वेळ सुधारली, तर तोच डोस जास्त होईल, छातीत धडधड, हात थरथरणं, पुढे हाडांवर परिणाम. टीएसएच ७.८ हे काही आणीबाणीचं नाही. आठ आठवडे थांबता येतं. गोळी बदलल्यावर किंवा वेळ बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतातच.

स्टॅटिनही त्याच कारणाने मागे पडलं. थायरॉइड ताब्यात नसताना एलडीएलचा आकडा खरा मानता येत नाही, शिवाय अशा वेळी स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोका वाढतो.

शिरेतून लोह देण्यावर थोडी चर्चा झाली. फेरिटिन ७, रक्तस्राव चालू, कामावर उभं राहणं कठीण, म्हणजे बाजू भक्कम होती. पण तोंडाने घेतलेलं लोह अजून योग्य वेळी दिलंच गेलं नव्हतं. जे करून पाहिलंच नाही ते फसलं असं म्हणता येत नाही. ठरलं की चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढलं नाही तर शिरेतून द्यायचं.

सगळ्यात जास्त वेळ माचा ठेवायचा की नाही यावर गेला. बंद करा म्हणणं सुरक्षित होतं, नवरोबाही खूश झाले असते. पण बंद केला तर त्या जागी काय येणार? नागपुरातल्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत चहा येतोच, आणि तो साखरेसकटच येतो. ताईंनी स्वतःच म्हटलं, “हा सुटला तर मी परत तिकडेच जाईन, खोटं काऊन बोलू.” तेव्हा एक कप ठेवायचा, दोन काढायचे, असं ठरलं.

प्रत्यक्षात काय केलं

पहाटे पावणेसहाला गोळी, फक्त पाण्यासोबत. पावणेसातला नाश्ता, पोह्यांवर लिंबू हात सैल सोडून. साडेदहाच्या मधल्या सुट्टीत दोन ग्रॅमचा एक माचा, पाण्यात. नाश्ता आणि डबा दोन्हींपासून तासाभराहून लांब. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: जेवणाआधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको. तिथे दिवसाच्या कॅफिनची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. ताई तिच्या आतच होत्या, त्यांचा प्रश्न मात्रेचा नव्हता.

दुपारच्या डब्यावर काहीच नाही, पाणीसुद्धा बेतानेच. लोहाची गोळी साडेचारला, शाळेतून आल्यावर, एका संत्र्यासोबत. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये गोकुळपेठेच्या बाजारात भरपूर असतात, त्यामुळे व्हिटॅमिन सीची गोळी लिहायची गरज पडली नाही. संत्री संपली तेव्हा लिंबूपाणी. संध्याकाळी साडेसहाला सासूबाईंसोबत अर्धा चमचा साखरेचा अर्धा कप चहा. ही सवलत मुद्दाम ठेवली. सासू-सुनेची तेवढीच निवांत वेळ असते आणि ती तोडून काही साधत नाही. रात्रीचा माचा बंद.

एक बारीक गोष्ट: पाणी उकळतं नको, सत्तर-ऐंशी अंशांचं, नाहीतर चव कडवट होते आणि मग साखरेकडे हात जातो. उघडलेला डबा घट्ट झाकून फ्रिजमध्ये. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेली पावडर पिवळट पडायला फार दिवस लागत नाहीत.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी केली, गर्भाशयात लहान फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, निघाला. शस्त्रक्रियेची गरज नव्हती. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या.

निष्पत्ती

झोप पहिल्या आठवड्यातच सुधारली. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.८, म्हणजे शिरेतल्या लोहाचा विषय मिटला. आठ आठवड्यांनी ११.५, टीएसएच ३.४, डोस तोच ७५. एलडीएल १४१. जूनमध्ये शाळा सुरू होताना हिमोग्लोबिन १२.३ आणि फेरिटिन ३१. लोहाची गोळी तरीही पुढे तीन महिने चालू, कारण हिमोग्लोबिन भरलं म्हणजे साठा भरला असं नसतं, आणि बहुतेक लोक नेमकं इथेच गोळी सोडतात.

१४१ हे एलडीएल अजूनही चढंच आहे. स्टॅटिनचा निर्णय फिजिशियन पुढच्या तपासणीनंतर घेतील. माचा त्यात निर्णायक ठरेल असं कोणालाच वाटत नाही, आता ताईंनाही नाही. वजन ६७.

वेगळं काय करता आलं असतं

थायरॉइडची वेळ, लोहाची वेळ, माचाचे कप आणि पाळीचे उपचार हे सगळं एकाच पंधरवड्यात बदललं. रुग्णासाठी ते बरोबर होतं. पण कशाने किती फरक पडला हे आता सांगता येत नाही. हिमोग्लोबिन वाढलं त्यात रक्तस्राव आटोक्यात आल्याचा वाटा सगळ्यात मोठा असावा असा आमचा अंदाज आहे. म्हणून या प्रकरणावरून ‘माचाने रक्त कमी होतं’ असा निष्कर्ष काढणं ताईंच्या नवऱ्याने काढला तितकाच घाईचा ठरेल.

डिसेंबरमध्ये लोहाची गोळी लिहिली गेली तेव्हा दोन प्रश्न पुरले असते: पाळी कशी आहे, आणि ही गोळी कशासोबत घेणार? गर्दीच्या दवाखान्यात ते राहून जातात. पण औषधाच्या दुकानात पाकिटावर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या खुणा करताना ‘चहासोबत नको’ एवढं पेनाने लिहिलं तरी चालतं, आणि रामदासपेठेतले काही दुकानदार ते करतातही.

तिसरी गोष्ट उशिरा, आठव्या आठवड्याच्या भेटीत कळली. डबा एकट्या ताईंचा नव्हता. सून पिते म्हणून सासूबाईही दुपारी अर्धा कप घ्यायला लागल्या होत्या, आणि त्यांना हृदयाची झडप बदलल्यापासून वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू आहे. माचात अख्खं पान असल्याने व्हिटॅमिन के जातं, आणि ते वॉरफॅरिनच्या विरुद्ध काम करतं. रोज ठरावीक प्रमाणात घेणं आणि कधी घेणं कधी सोडणं यात वॉरफॅरिनच्या बाबतीत मोठा फरक पडतो, आणि सासूबाईंचा कप लहरीवर होता. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी फोन केला. आयएनआर (वॉरफॅरिनचा परिणाम मोजणारी तपासणी) दुसऱ्या दिवशी सकाळी करून घेतला, तो हव्या त्या पातळीच्या थोडा खाली होता. कप बंद झाला आणि आठवड्याने पुन्हा तपासायचं ठरलं.